पहिल्यांदा कळसूबाई-भंडारदऱ्याला जाताय? मग परतीच्या वेळेपासून सुरुवात करा

कळसूबाई, रतनगड, सांदण, अमृतेश्वर, घाटघरचा कोकणकडा, रंधा धबधबा आणि 'जमलंच तर' हरिश्चंद्रगड. भंडारदऱ्याला पहिल्यांदा निघालेल्या कुठल्याही ग्रुपची यादी बघा, साधारण अशीच असते. आणि ती शनिवार-रविवारात बसवायची असते. नकाशावर सगळं जवळजवळ दिसतं म्हणून हा मोह होतो. प्रत्यक्षात मधे धरणाचा मोठा जलाशय आहे, रस्ता त्याला वळसा घालून जातो आणि डोंगरात तीन किलोमीटरला तीन तास सहज लागतात.

तरीही पहिल्या डोंगरसहलीसाठी मी कुणालाही अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातला हाच पट्टा सुचवेन. राज्यातलं सर्वोच्च शिखर इथं आहे. कळसूबाईची उंची १६४६ मीटर, पण वाट मळलेली, अवघड जागी लोखंडी शिड्या आणि मधेमधे सरबतवाले. दोर लावूनच जावं लागेल अशा जागाही याच भागात आहेत, पण त्या बाजूला ठेवून सहल पुरी करता येते. पुढचा आराखडा तीन दिवस, दोन मुक्काम आणि चार ते सहा जण एवढं धरून केलेला आहे. दोनच दिवस मिळत असतील तर सांदणची घळ सोडा, कळसूबाई ठेवा. हरिश्चंद्रगड या यादीतून आजच काढून टाका. पाचनईच्या सोप्या वाटेनं गेलात तरी तो गड स्वतःचे दोन दिवस मागतो.

महिना कोणता?

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. वाटा कोरड्या असतात, हवा स्वच्छ असते, ओढ्यांना थोडंफार पाणी असतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा एक आकड्यावर येतो, म्हणून तंबूत राहणार असाल तर अंथरूण-पांघरूण काय देणार ते आधी विचारून घ्या. नवरात्रात कळसूबाईच्या देवीची यात्रा असते आणि डोंगर माणसांनी फुललेला असतो. यात्रा बघायची असेल तर अवश्य जा, पण तो दिवस ट्रेकचा धरू नका.

पावसाळ्याचे फोटो सगळ्यात सुंदर येतात हे खरंच. पण पहिल्यांदाच जाणाऱ्यानं जुलै-ऑगस्टमध्ये कळसूबाई करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घाटमाथ्यावरचा हा भाग प्रचंड पावसाचा. धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही, कातळावर शेवाळ धरलेलं असतं आणि शनिवार-रविवारी शिड्यांखाली इतकी रांग लागते की भिजत तासन् तास उभं राहावं लागतं. पावसाळी हिरवळच हवी असेल तर सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात या. पठारांवर सोनकी फुललेली असते आणि पावसाचा जोरही ओसरलेला असतो. मेअखेर ते जूनच्या पहिल्या सरींपर्यंत काजव्यांचा हंगाम. तो गावात, रस्त्याकडेला बघायचा, त्यासाठी डोंगर चढायची गरज नाही. त्या दिवसांत वाहनांची झुंबड उडते. गाडीचे दिवे बंद ठेवा, मोबाईलचा प्रकाश झाडांवर मारू नका.

घड्याळ उलटं फिरवा

बहुतेक जण 'सकाळी किती वाजता निघायचं' इथून सुरुवात करतात. मी उलटं सांगतो. अंधार कधी पडतो तिथून सुरुवात करा.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये या भागात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि डोंगराच्या सावलीतली वाट त्याआधीच अंधारते. म्हणून चार वाजता सगळ्यांचे पाय गावात लागलेले हवेत. कळसूबाई उतरायला नवख्या ग्रुपला अडीच तास लागतात, त्यात अर्धा तास वेळ हाताशी ठेवा. म्हणजे एक वाजता माथा सोडायचा. वर एक तास थांबायचं असेल तर बाराला पोचायला हवं. चढायला साडेतीन-चार तास. म्हणजे आठ ही उशिरात उशिरा निघायची वेळ झाली. उन्हाचा विचार केला तर सहाच बरी.

यातला एक वाजता हा आकडा निघण्यापूर्वीच सगळ्यांना सांगून ठेवायचा. एक वाजता जो जिथं असेल तो तिथून मागे फिरेल, शिखर समोर दिसत असलं तरी. हे आदल्या रात्री जेवताना ठरवलं तर कुणाला राग येत नाही. शेवटच्या शिडीखाली उभं राहून ठरवायला गेलात तर हमखास भांडण होतं.

हाच हिशेब परतीच्या प्रवासालाही लावा. सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचं असेल तर रविवारी दुपारी एकला भंडारदऱ्याहून गाडी निघाली पाहिजे. त्यामुळे तिसऱ्या दिवशी सकाळचं एकच ठिकाण होईल, दोन होणार नाहीत. असं मागून पुढे येत गेलात की यादीतली निम्मी नावं आपोआप गळतात.

दोन महिने आधी

रोज जिना चढा, आठवड्यातून एकदा जवळच्या टेकडीवर पाठीवर पिशवी घेऊन जा. पुणेकरांसाठी सोपी परीक्षा म्हणजे आतकरवाडीतून सिंहगड. न धापता, गप्पा मारत दीड तासात वर पोचत असाल तर कळसूबाईची काळजी नको; तिथं साधारण सिंहगडाच्या दीडपट चढ धरून चाला. नाशिककरांना रामशेज किंवा पांडवलेणी आहे, मुंबईकरांना कर्नाळा. उतरण्याचाही सराव करा. चढताना दम लागतो तो बसून जातो, उतरताना गुडघे बोलायला लागले की बसून भागत नाही.

ग्रुप ठरवताना एक गोष्ट बघा: सगळ्यात हळू चालणाऱ्याची चाल हीच ग्रुपची चाल. त्याला सगळ्यांच्या मागे कधीच ठेवू नका. पुढून दुसरा ठेवा, आणि सगळ्यात दमदार माणूस शेवटी. दमा, रक्तदाब, मधुमेह, उंचीची भीती कुणाला आहे हे आधी मोकळेपणानं विचारा. उंचीची भीती असलेला माणूस गावापासून पहिल्या शिडीपर्यंत मजेत येतो आणि तिथं गोठतो. अशा वेळी चेष्टा न करता एकानं त्याच्याबरोबर खाली परतायचं, हेही आधीच ठरवून ठेवा.

स्वतः आखणी करायची नसेल तर एखाद्या संस्थेबरोबर जा. पण महाराष्ट्राच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी झाली आहे का, किती जणांमागे एक लीडर, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कुणी घेतलंय, हे तीन प्रश्न पैसे भरण्याआधी विचारा. 'काळजी करू नका, आम्ही आहोत ना' एवढंच उत्तर आलं तर दुसरीकडे बघा.

पोचायचं कसं

स्वतःची गाडी असेल तर मुंबईहून इगतपुरी-घोटी मार्गे आणि पुण्याहून संगमनेर-अकोले-राजूर मार्गे. नाशिककरांना हा भाग घराजवळच. इंधन घोटीला किंवा अकोले-राजूरलाच भरून घ्या. जलाशयामागच्या गावांत पंप मिळेल या भरवशावर राहू नका. रोख पैसेही आधीच काढा. यूपीआय सगळीकडे पोचलंय, पण साम्रद-घाटघरकडे रेंज जाते आणि रेंज गेली की तेही गेलं.

गाडी नसेल तर ट्रेकर मंडळींची जुनी वहिवाट म्हणजे मध्यरात्रीची कसारा लोकल. पहाटे कसाऱ्याला उतरायचं आणि आधी सांगून ठेवलेल्या जीपनं कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावी जायचं. जीप ऐनवेळी शोधायला जाऊ नका. ज्यांच्याकडे राहणार आहात त्यांनाच सांगा, गावातलीच कुणाची तरी गाडी येते. पहिल्या सहलीला मात्र रात्रभर जागून सकाळी चढाई सुरू करणं मी टाळेन. आदल्या दिवशी दुपारी पोचा आणि नीट झोपा.

मुक्काम आणि एक फोन

बारी, शेंडी, रतनवाडी, साम्रद या सगळ्या गावांत घरगुती सोय होते. शेंडी म्हणजे धरणाजवळचं मुख्य गाव, तिथं हॉटेलंही आहेत. मी पहिली रात्र बारी किंवा शेंडीत आणि दुसरी साम्रदला काढायला सांगेन.

फोनवर 'रूम आहे का, रेट काय' एवढं विचारून ठेवू नका. साधारण असं बोला: "दादा, आम्ही सहा जण आहोत, दोन बायका, एक काका साठीचे. शनिवारी रात्रीचं जेवण आणि रविवारी सकाळी साडेपाचला चहा-नाष्टा मिळेल का? एका माणसाचे सगळे मिळून किती? संडास-बाथरूम घरातच आहे ना? आणि बरोबर यायला गावातलं कुणी मिळेल का?" मग शेवटी विचारा, "सध्या वाट कशी आहे?" या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात तुम्हाला कुठल्याही ॲपवर न मिळणारी माहिती मिळते: सांदणीत पाणी किती आहे, कुठे दरड आलीय, वणवा लागलाय का. जेवायला कोण शाकाहारी, किती भाकऱ्या लागतील हेही त्याच फोनवर सांगा. चुलीवरचं जेवण माणसं मोजून रांधलेलं असतं, रात्री नऊला 'अजून तिघे आलेत' म्हणून सांगायचं नाही.

पाठपिशवी

इथं पहिल्यांदा जाणारे दोन टोकांना असतात. एक जण खांद्यावर लटकणारी झोळी घेऊन येतो, दुसरा एव्हरेस्टला निघाल्यासारखी खरेदी करून. पंचवीस-तीस लिटरची, दोन्ही पट्ट्यांची पाठपिशवी पुरते. हातात काही धरायचं नाही, शिड्यांवर दोन्ही हात लागतात.

बूट रबरी तळव्याचे, पकड असलेले, आणि किमान महिनाभर वापरलेले. कोरे बूट घालून पहिला ट्रेक म्हणजे टाचेला फोड ठरलेला. माणशी तीन लिटर पाणी. वाटेत सरबत-ताक मिळतं, पण सोमवार ते शुक्रवार टपऱ्या उघड्या असतीलच असं नाही. खायला दशम्या, थालीपीठ, गूळ-शेंगदाणे, चिक्की, काकडी. वेफर्सच्या पाकिटांनी तहान वाढते आणि कचराही. प्रत्येकाकडे स्वतःची विजेरी हवी, मोबाईलची नव्हे. पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, एक जाकीट, मीठ-साखरेच्या पुड्या, क्रेप बँडेज, नेहमीची औषधं. पँट जीन्सची नको. भिजली की जड होते आणि गुडघा वाकू देत नाही. अत्तर आणि डिओ घरी ठेवा, कारण पुढे येईलच.

पहिला दिवस: जलाशयाला वळसा

दुपारपर्यंत पोचून जेवण करा आणि गाडीनं फेरी मारा. शेंडीजवळ वनखात्याच्या नाक्यावर माणशी आणि गाडीमागे शुल्क भरून पावती घ्या, ती जपून ठेवा. हा भाग १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. धरणाचं बांधकाम १९१० ते १९२६ या काळातलं, नाव विल्सन धरण. ज्या प्रवरेवर ते बांधलंय तिचा उगम समोरच्या रतनगडाच्या परिसरातच आहे.

वेळ कमी असेल तर फेरी पूर्ण करायचा हट्ट नको. थेट रतनवाडीला जा आणि शिलाहारकालीन मानलं जाणारं अमृतेश्वराचं मंदिर सावकाश बघा. बाहेरच्या भिंतींवरचं कोरीव काम तिरप्या उन्हात, म्हणजे चारनंतर, सगळ्यात छान दिसतं. शेजारची पुष्करणी बहुतेकांच्या नजरेतून सुटते, ती चुकवू नका. अंधारायच्या आत मुक्कामी परत या, जलाशयाकडेचा रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे. आठला जेवण, नऊला झोप.

दुसरा दिवस: कळसूबाई

बारीतून निघालं की पहिला अर्धा तास शेतं आणि घरं ओलांडण्यात जातो. हीच चाल बिघडण्याची जागा. अंगात उत्साह असतो, सगळे भराभर निघतात आणि देवीच्या खालच्या मंदिरापर्यंत निम्मे जण घामाघूम होतात. पहिला तास मुद्दाम हळू चाला. पाऊण तास चालून पाच मिनिटं उभ्यानं विश्रांती, एवढा ताल धरलात तर पुढे दम टिकतो. बसायचं ते फक्त खायला.

शिड्या हा या वाटेचा खरा भाग. चढताना अवघड वाटत नाही, उतरताना पाय लटपटतात. रीत अशी: शिडीच्या तोंडाशी आलात की पाठ दरीकडे आणि तोंड शिडीकडे करा. दोन्ही हातांनी कठडा पकडा. एक पाय खाली टाकून पायरीवर बुटाचा मधला भाग नीट टेकला की मगच दुसरा उचला, कुठल्याही क्षणी चारपैकी तीन हातपाय लोखंडावर टेकलेले हवेत. पायरीला धरू नका, वरच्याचा बूट बोटांवर पडतो. तोंड दरीकडे करून, पिशवी मागच्या पायऱ्यांना घासत उतरणारे खूप दिसतील. पिशवी अडकली की माणूस पुढे फेकला जातो. दोघांमध्ये चार-पाच पायऱ्यांचं अंतर ठेवा. उन्हात लोखंड चांगलंच तापतं आणि दवानं सकाळी निसरडं होतं. समोरून कुणी येत असेल तर खालीच थांबा. आणि शिडीवर सेल्फी नाही म्हणजे नाही.

शेवटच्या शिडीआधी थोडी सपाटी आणि विहीर आहे. खाणं-पिणं तिथंच उरका. माथ्यावर देवीचं छोटं मंदिर आणि अगदी मोजकी जागा, गर्दी असली तर तिथं दाटी होते. हवा स्वच्छ असेल तर अलंग, मदन, कुलंग हे तिन्ही किल्ले ओळीनं दिसतात. तिकडे जायला प्रस्तरारोहण करावं लागतं, आज लांबूनच बघा. माकडांपासून जेवणाची पिशवी सांभाळा.

उतरताना घसारा लागला, म्हणजे सुटी माती आणि बारीक खडे, तर मागे झुकून टाचांवर भार टाकायचा मोह होतो आणि नेमके तेव्हाच पाय सुटतात. गुडघे थोडे वाकवा, पावलं छोटी टाका. खाली आल्यावर आवरून अंधारापूर्वी साम्रद गाठा.

ग्रुपपैकी काहींनी कळसूबाई आधी केला असेल तर त्याच दिवशी रतनवाडीहून रतनगड करा. उंची १२९७ मीटर, वरचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, फार देखणं, सावली भरपूर. पण जंगलातल्या भागात ढोरवाटा फुटतात आणि नवखा माणूस गुरांच्या मागोमाग भलतीकडे जातो, म्हणून वाटाड्या घ्याच.

तिसरा दिवस: सांदण, अर्ध्यापर्यंत

साम्रदच्या पठारातच जमीन दुभंगावी तशी ही घळ आहे. दोन्ही बाजूंना उंच कातळभिंती, काही ठिकाणी दोन हात पसरले तर टेकतील एवढी अरुंद. सातला निघून दहा-अकरापर्यंत बाहेर या.

आत वाट अशी नाहीच, दगडांच्या राशीवरून जायचं. दोन पाणवठे लागतात. डिसेंबरात पाणी कमरेपर्यंत किंवा त्याहून वरही असू शकतं, पुढे ओसरत जातं. मोबाईल आणि किल्ल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, पाण्यात बूट काढू नका. सुटा दगड हलतो तेव्हा मागच्याच्या पायावर येतो, म्हणून उडी मारण्याआधी पायानं चाचपून बघा. भिंतीलगत खाली बसून फोटोसत्र नको, वरून दगड सुटतात.

पुढे सरळ कडा येतो, दोराशिवाय उतरता येत नाही. पहिल्या सहलीची सांदण तिथं संपते. पुढचे टप्पे दोरानं उतरून थेट कोकणात, डेहणे गावाकडे निघतात. त्याला दिवसभर लागतो, जाणकार संस्था लागते आणि गाडी साम्रदला न ठेवता खाली न्यावी लागते. पावसाळ्यात सांदणीत पाऊलही टाकू नका. वर पठारावर झालेला पाऊस क्षणात घळीत उतरतो आणि आत पळायला जागा नसते. आदल्या रात्री अवकाळी बरसला असेल तरी बेत रद्द. त्याऐवजी घाटघरचा कोकणकडा बघून या.

काही बिनसलं तर

या डोंगरांत मला सापापेक्षा आग्यामोहोळाची धास्ती जास्त वाटते. कड्यांच्या पोटात पोळी असतात. धूर, आरडाओरडा, उग्र वास यांनी माश्या उठतात. शेकोटी आणि सिगारेट कड्याजवळ नको, ते अत्तर यासाठीच घरी ठेवायचं. माश्या उठल्याच तर हात झाडू नका. डोकं-चेहरा कापडानं झाका आणि पाय कुठे पडतोय ते बघत, न ओरडता लांब जा. कड्याच्या कडेला असाल तर पळू नका, आहात तिथंच अंग झाकून बसा.

साप चावल्यास कापाकापी, चोखणं, घट्ट बांधणं यातलं काही करायचं नाही. माणसाला चालू न देता झोळी करून खाली आणा. राजूरला ग्रामीण रुग्णालय आहे. गाडी काढण्याआधी फोन करून प्रतिविष कुठे मिळेल ते पक्कं करा. वाट चुकली तर उतरत सुटू नका. सह्याद्रीत खाली जाणारा ओढा बहुतेकदा कड्यावर जाऊन थांबतो. शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे या, तिथंच एकत्र बसा आणि रेंज मिळाली की ११२ ला आणि मुक्कामाच्या दादांना फोन करा. शोधमोहिमांसाठी गिर्यारोहकांचं महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, त्यांचा हेल्पलाइन क्रमांक निघण्याआधी शोधून सगळ्यांच्या फोनमध्ये घाला.

हे सगळं कामी यावं म्हणून घरी एका माणसाकडे कागद ठेवा: कुठला दिवस कुठे, मुक्कामाच्या घरचा नंबर, गाडीचा नंबर आणि 'रात्री अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर चौकशी कर' अशी वेळ.

निघताना

जेवणाचे पैसे ठरले तेवढेच द्या, घासाघीस फोनवर झाली असेल ती पुरे. वाटाड्याचे पैसे त्याच्याच हातात द्या. आपला कचरा, सरबताच्या प्लॅस्टिक पेल्यांसकट, गाडीत घालून शहरात न्या, इथल्या गावांकडे त्याची सोय नाही. पुण्याकडे जात असाल तर राजूरला पेढे घ्यायला थांबा, संध्याकाळपर्यंत चांगले संपलेले असतात. आणि घाट उतरल्यावर रेंज आली की घरी कागद घेऊन बसलेल्या माणसाला आधी फोन करा, फोटो नंतर टाका.